मुळाचा अभिमान, मात्रेचा विसर

धारला आत्याच्या वाड्याच्या ओसरीवर गेल्या श्रावणात एक मुलगा आला होता. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा, खांद्याला पिशवी, हातात छापील प्रश्नावली. धार आणि देवास या दोन जिल्ह्यांतल्या लोकांना वनौषधींची किती माहिती आहे, आणि ‘अंग्रेजी दवा’पेक्षा त्यांचा कल तिकडे किती आहे, हे त्याला मोजायचं होतं. आत्या ऐंशीच्या घरातली. तिने तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड, शतावरी, अश्वगंधा अशी पंधरा-वीस नावं एका दमात सांगितली. पुढचा प्रश्न होता, वनौषधींना दुष्परिणाम असतात का? तिने ‘नाही’ या शब्दावर बोट ठेवलं. मुलाने खूण केली आणि कौतुकाने म्हणाला, “दादीजी खूप जागरूक आहेत.”

मी गप्प बसलो. चारच महिन्यांपूर्वी हीच आत्या गुडघ्यांसाठी हाटातून आणलेली ‘शुद्ध जडीबुटी’ची पुडी घेत होती. आठ दिवसांत गुडघे मोकळे झाले म्हणून वाड्यात पेढे वाटले गेले. दोन महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल झाला, पायांवर सूज आली, रक्तातली साखर चढली. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असणार. मग मोजून दिलेल्या गोळ्यांवर तिला हळूहळू उतरवत आणावं लागलं, कारण असं औषध एकदम तोडणंही जिवावर बेतू शकतं. मुलगा गेल्यावर मी तिला विचारलं, “आत्या, मग ‘नाही’ कसं सांगितलंस?” ती म्हणाली, “अरे, ती पुडी खोटी होती. त्यात झाडपाल्याचा काय दोष?”

तिचं म्हणणं चूक नाही, पण ते अर्ध्यावर थांबतं. पुडी खरी की खोटी हे तिला कोणत्या खुणेवरून कळणार होतं? त्या प्रश्नावलीत या प्रश्नाला जागाच नव्हती. नावं येतात का, विश्वास आहे का, आवडतं का, एवढंच तिथे विचारलेलं होतं, आणि त्याला ‘जाणीव’ म्हटलेलं होतं. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तेव्हा माझा कल वाचकांनी आधीच लक्षात घ्यावा. तरीही मला जे मांडायचं आहे ते रसायनाच्या बाजूचं नाही. वनौषधी एका बाजूला आणि रसायन दुसऱ्या बाजूला, अशी जी रेघ आपण मारतो ती रेघच चुकीच्या जागी आहे, आणि हे दाखवायला माळव्याइतकी योग्य भूमी दुसरी नसेल.

पूर्वपक्ष आधी नीट मांडतो, कारण तो अडाण्यांचा पक्ष नाही. तो असा: वनस्पती निसर्गाची, तिच्यातलं एक द्रव्य दुसऱ्याला आवर घालतं, म्हणून ती शरीराला मानवते. कारखान्यातलं औषध म्हणजे एकच तीव्र रसायन. ते उष्ण पडतं, एक रोग दाबतं आणि दुसरा उभा करतं. वनौषधी हजारो वर्षं वापरात आहेत, हाच त्यांचा पुरावा. त्या परसात मिळतात, त्यांना पैसे पडत नाहीत. लोक त्यांच्यापासून दुरावले ते जाहिरातींमुळे आणि परक्या शिक्षणामुळे. तेव्हा जाणीव वाढवा, लोक आपोआप परत येतील.

या पक्षामागे एक खरं दुखणं आहे आणि ते मी नाकारत नाही. तीन तास रांगेत बसून तीन मिनिटांत पाच औषधांची चिठ्ठी हातात पडते. कोणतं कशासाठी, किती दिवस, काय झालं तर थांबवायचं, हे कोणी सांगत नाही. हाटातला जडीबुटीवाला निदान शेजारी बसवून घेतो, गुडघ्याला हात लावून बघतो. माणूस त्या हाताकडे ओढला जातो. पण हातातल्या मायेवरून पुडीतल्या द्रव्याची परीक्षा होत नाही.

आता उत्तरपक्ष. सुरुवात आपल्याच घरच्या ग्रंथापासून करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पहिल्याच अध्यायात औषधी द्रव्यांचे तीन वर्ग दिले आहेत: प्राण्यांपासून मिळणारी जांगम, वनस्पतींची औद्भिद आणि जमिनीतून निघणारी पार्थिव. या तिसऱ्या वर्गात धातू आहेत, चुना आहे, मीठ आहे, आणि आर्सेनिकची खनिजं असलेले मनःशीळ व हरताळही आहेत. म्हणजे आयुर्वेद म्हणजे झाडपाला हे समीकरण आयुर्वेदाचं नाहीच. पुढे रसशास्त्राने तर पारा आणि गंधक यांवरच आपला डोलारा उभारला. ‘हर्बल’ हा शब्द आपल्याकडे साबण, शॅम्पू आणि चूर्णाच्या डब्यांवरून आला, आणि येताना ‘निर्धोक’ हा अर्थ बरोबर घेऊन आला. तो अर्थ चरकाला ठाऊक नव्हता. त्याच अध्यायात तो सांगतो की तीक्ष्ण विषही युक्तीने वापरलं तर उत्तम औषध ठरतं आणि औषध भलत्या रीतीने वापरलं तर तेच जहाल विष होतं.

त्याच ठिकाणी आणखी एक विचार आहे, आणि माझ्या मते साऱ्या वादाची किल्ली तिथेच आहे. रानात शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी औषधी ओळखतात, त्यांचं नाव आणि रूप त्यांना ठाऊक असतं, असं चरक मान्य करतो. पण नुसत्या नावारूपाने औषधीचं परम ज्ञान होत नाही, असं तो लगेच बजावतो. कोणत्या देशात, कोणत्या काळी, कोणत्या माणसाला, कशाबरोबर ती द्यायची, म्हणजे तिचा योग जाणणारा तो खरा वैद्य. आणि न ओळखलेलं औषध तो विष, शस्त्र, अग्नी आणि वीज यांच्या पंक्तीला बसवतो. ओसरीवर आलेल्या त्या मुलाने आत्याच्या ज्या जाणिवेवर खूण केली ती नावारूपाची जाणीव होती. दोन हजार वर्षांपूर्वी जी पायरी अपुरी ठरवली गेली, तिलाच आपण आज शिखर समजून तिची टक्केवारी काढतो आहोत.

इथे गुराख्यांना आणि वनवासींना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. धार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त लोक आदिवासी आहेत, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. त्यांच्यातले बडवे, म्हणजे उपचार करणारे भगत, झाडं आणि मुळं ज्या बारकाईने ओळखतात ते पाहून वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने वही उघडावी. ती ओळख हा ज्ञानाचा पाया आहे आणि तो पाया ढासळतो आहे, जंगलाबरोबरच. पण पायाला घर म्हणणं हा त्या लोकांचा सन्मान नव्हे.

धारच्या माणसाला आणखी एक अभिमान असतो, आणि त्याबद्दल बोललं पाहिजे. इथे राज्य केलेल्या भोजराजाच्या कवटीवर दोन वैद्यांनी शस्त्रक्रिया केली, ‘संमोहिनी’ने त्याला निजवलं आणि संजीवनीने जागं केलं, ही कथा धारेत अभिमानाने सांगितली जाते. भूलशास्त्राच्या इतिहासावरच्या काही इंग्रजी लेखांत तर तिला इ.स. ९२७ असं सालही चिकटवलेलं आहे. या कथेचं घर बल्लाळाचा ‘भोजप्रबंध’. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीचा आहे. भोज अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. म्हणजे कथा राजाहून पाचशे वर्षांनी तरुण आणि साल राजाच्या जन्माच्याही आधीचं. ज्या ग्रंथात कालिदास, बाण आणि भवभूती एकाच भोजाच्या दरबारात बसून समस्यापूर्ती करतात, त्याला रुग्णाची नोंदवही समजायचं कसं? शिवाय कथेतले वैद्य वेष पालटून आलेले अश्विनीकुमार आहेत. कथा सुंदर आहे, ती मुलांना जरूर सांगावी. पण पुरावा म्हणून तिला पुढे केलं की धारची खरी कमाई झाकली जाते. पातंजल योगसूत्रांवरच्या आपल्या वृत्तीच्या आरंभी भोज सांगतो की व्याकरण, योग आणि वैद्यक या तिन्ही शास्त्रांत त्याने ग्रंथरचना केली, आणि वैद्यकातल्या ग्रंथाचं नाव राजमृगांक. संमोहिनीची गोष्ट सांगणाऱ्या शंभरांतल्या एकालाही हे नाव ठाऊक नसतं.

माळव्याची सर्वांत प्रसिद्ध वनौषधी कोणती? अश्वगंधा नव्हे, मुसळीही नव्हे. अफू. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात होती, तिच्यावर इंदूर-उज्जैनच्या पेढ्या वाढल्या, संस्थानांचे खजिने भरले. पूर्णपणे नैसर्गिक, बोंडाला चीर देऊन निघणारा चीक. त्यात कोणत्याही कारखान्याचा हात नाही. याच चिकाने अतिसार थांबत असे, कळ शमत असे. आणि याच चिकाची बाळगोळी देऊन मुंबईच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना दिवसभर निजवत, त्यांतली काही मुलं पुन्हा उठत नसत. त्या आयांना गोळीचं नाव ठाऊक होतं, रूप ठाऊक होतं, ती झाडाची आहे हेही ठाऊक होतं. गोळीत अफू किती, हे गोळी वळणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं, कारण एका शेतातल्या चिकात मॉर्फिन कमी तर शेजारच्या शेतात जास्त.

जर्मनीत सेर्ट्यूर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं, त्यामागे हीच अडचण होती: कधी अफू गुण द्यायची, कधी नाही, कधी मारायची. वेगळं काढल्यावर ते वजन करून देता आलं. धोका तसाच राहिला, पण तो आता मोजता येऊ लागला. आजही मंदसौर, नीमच आणि रतलामच्या शेतांत परवान्याने पिकणारी अफू नीमचच्या सरकारी कारखान्यात जाते, तिथे तिच्यातून मॉर्फिन आणि कोडीन निघतं, आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला रात्रीची झोप मिळते. हे औषध वनौषधी म्हणायचं की रसायन? शेत माळव्यातलं, चीक झाडाचा, शुद्धी कारखान्यातली, मात्रा डॉक्टरची. रेघ नेमकी कुठे मारायची, हे मला कोणी दाखवावं.

आणि आता देवास. मराठी माणसाला देवास म्हटलं की टेकडी आठवते आणि कुमार गंधर्व आठवतात. सुळेभावीला १९२४ साली जन्मलेला हा गायक ऐन पंचविशीच्या आत क्षयाने आडवा झाला आणि कोरड्या हवेसाठी १९४८च्या आरंभी देवासला आला. पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. खाटेवर पडून ते माळव्याच्या बायकांची गाणी ऐकत राहिले, भानुमतीबाई त्यांची शुश्रूषा करत राहिल्या. १९५३ साली ते पुन्हा मैफिलीत बसले, एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं असताना. त्या अवस्थेतून त्यांनी उभी केलेली गायकी आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

आमच्या लहानपणी देवास-इंदूरच्या मराठी घरांत एक वाक्य ठरलेलं होतं: माळव्याच्या हवेने कुमारांना वाचवलं. ते वाक्य प्रेमाचं होतं, आणि मीही ते वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण ते खरं नाही, निदान पुरं खरं नाही. कुमारांना वाचवलं स्ट्रेप्टोमायसिनने. ते औषध आपल्याकडे पन्नासच्या दशकाच्या आरंभी मिळू लागलं आणि वेळेवर देवासपर्यंत पोहोचलं. त्याआधीच्या काळात कफात जंतू सापडलेल्या क्षयरोग्यांपैकी जवळजवळ निम्मे पाच वर्षांच्या आत जात, मग ते मिरजेच्या आरोग्यधामात असोत की स्वित्झर्लंडच्या. हवेचा प्रश्न तर मद्रासने कायमचा निकालात काढला. तिथल्या क्षयरोग केंद्राने १९५६ पासून १९३ रुग्णांचे दोन गट केले: एक आरोग्यधामात, चांगल्या हवेत आणि चांगल्या जेवणावर, दुसरा शहरातल्या दाटीच्या वस्त्यांत, आपापल्या घरी. दोघांना औषधं तीच, आयसोनायझिड आणि पॅस, वर्षभर. निकाल दोन्हीकडे जवळपास सारखा लागला. हवा, विश्रांती आणि शुश्रूषा यांनी कुमारांना औषध येईपर्यंत धरून ठेवलं असेल, आणि ते काही लहान काम नव्हे. भानुमतीबाईंचं ऋण त्याने कमी होत नाही. पण जंतू मेले ते औषधाने.

हे ऐकून रसायनवाले खूष होतील, म्हणून पुढचं सांगतो. स्ट्रेप्टोमायसिन कोणी प्रयोगशाळेत जुळवून बनवलेलं द्रव्य नाही. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वाक्समनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शाट्झ या विद्यार्थ्याला ते मातीतल्या एका सूक्ष्मजीवात सापडलं. झाडाइतकंच नैसर्गिक, किंबहुना झाड ज्यात उभं राहतं त्या मातीचं. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिल्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनीही अशाच सूक्ष्मजीवातून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचं नाव गुंफलं. उलट, मद्रासच्या प्रयोगातली दोन्ही औषधं, आयसोनायझिड आणि पॅस, पूर्णपणे माणसाने घडवलेली. क्षयाविरुद्धच्या लढाईत मातीचं औषध आणि माणसाचं औषध खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि त्यांना तसं उभं करावंच लागलं. ब्रिटनमध्ये १९४७ साली सुरू झालेल्या प्रसिद्ध चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन दिलेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, न दिलेल्या ५२ जणांपैकी १४. पण ते एकट्याने दिलं की जंतू काही महिन्यांतच त्याला सरावायचे आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतला फरक फारसा उरला नाही. दुसरं औषध जोडीला दिल्यावर जंतूंना सरावायला वाव राहिला नाही. चरकाने ज्याला योग म्हटलं तो हाच.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहते. स्ट्रेप्टोमायसिन कानाच्या आतल्या नसेवर घाव घालतं. तोल जातो, ऐकू येणं कमी होतं, आणि गेलेलं परत येत नाही. ज्याचं सारं आयुष्य श्रुतींच्या सूक्ष्म फरकांवर उभं, त्या माणसाला हे औषध देताना मात्रेचा विचार केवढा करावा लागला असेल! मातीतून आलेलं, जीव वाचवणारं आणि गवयाचा कान नेऊ शकणारं. ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ म्हणणाऱ्याने या एका औषधासमोर थोडा वेळ उभं राहावं, आणि ‘दुष्परिणाम आहेत म्हणून नकोच’ म्हणणाऱ्यानेही.

आत्याच्या परसातला अडुळसा घ्या. त्याच्या पानांत व्हॅसिसीन असतं; त्याच्याच रचनेवरून साठीच्या दशकात ब्रोमहेक्सिन घडवलं गेलं, जे आज मेडिकलमधल्या कितीतरी खोकल्याच्या बाटल्यांत आहे. एका घरात आत्या काढा उकळते आणि नातू बाटली उघडतो, दोघांत वाद होतो, आणि दोघांच्या हातात एकाच कुळातलं औषध असतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी याहून बोलकी आहे. युरोपात गालेगा नावाची एक रानटी वनस्पती मधुमेहासारख्या तक्रारींवर वापरात होती. तिच्यातलं गालेगीन रक्तातली साखर उतरवायचं खरं, पण ते विषारी निघालं. त्याच्याच नातलग रचनेचं मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झालं, १९५७ साली फ्रान्समध्ये ज्याँ स्टेर्न यांनी ते रुग्णांवर वापरून दाखवलं. इथे झाडातलं द्रव्य जहाल होतं आणि माणसाने घडवलेलं सौम्य.

राहिला ‘हजारो वर्षांचा पुरावा’. हा युक्तिवाद मला सर्वांत आदरणीय वाटतो, म्हणून त्याची मर्यादा नेमकी सांगायला हवी. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाला जे लगेच घडतं ते चोख दिसतं. धोतरा खाऊन माणूस तासाभरात बरळू लागला, हे गावाच्या कायमचं लक्षात राहतं. जे वीस वर्षांनी घडतं, किंवा हजारांत एकाला होतं, ते अनुभवाच्या जाळ्यातून निसटतं. ईश्वरी म्हणजेच सापसंद ही वेल सापाच्या विषावर म्हणून माळव्यापासून कोकणापर्यंत सांगितली जाते. तिच्या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंडं हळूहळू वाळवतं आणि मूत्रमार्गात कर्करोग उभा करतं. हे उमगायला बेल्जियम लागलं: ब्रसेल्सच्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात चिनी वनस्पतीची अदलाबदल झाली, एकामागून एक तरुण बायकांची मूत्रपिंडं निकामी होऊ लागली, आणि १९९३ साली डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं. डॅन्यूबकाठच्या खेड्यांत तर गव्हात मिसळणाऱ्या याच कुळातल्या तणाच्या बियांमुळे पिढ्यान् पिढ्या माणसं मूत्रपिंडाच्या रोगाने मरत होती. गावकऱ्यांना रोग ठाऊक होता, तणही ठाऊक होतं. दोहोंना जोडणारा धागा मात्र कोणाच्या आजीला दिसला नाही, आणि तो दिसणं शक्यही नव्हतं.

करोनाच्या काळात गुळवेलीचं काय झालं ते सर्वांना आठवत असेल. घरोघर काढे उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती का, याची खात्री केलेली नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत. पुढे देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. लोकांनी यातून आपापला पक्ष निवडला. मला मंत्रालयाच्या उत्तरातच सर्वांत मोठी कबुली दिसते. घराघरांत उकळली जाणारी वेल कोणती आहे याचीच खात्री नसेल, तर ती निर्धोक आहे हेही कोणत्या बळावर सांगायचं?

आणि वनौषधींचा खरा गौरव कशात आहे, ते सर्पगंधेकडे पाहून कळतं. १९३१ साली कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असं नोंदवलं. मुंबईच्या रुस्तम वकील यांनी वर्षानुवर्षं रुग्ण तपासून, आकडे मांडून १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात लेख लिहिला, आणि मग सगळं जग जागं झालं. तिच्यातून १९५२ साली रेसर्पीन वेगळं निघालं. रक्तदाबावरचं ते पहिल्या खऱ्याखुऱ्या औषधांपैकी एक. मात्रा वाढली की त्याने मन खिन्न होतं हेही लवकरच ध्यानात आलं, आणि तेही लपवलं गेलं नाही. वकिलांनी सर्पगंधेवर नुसती श्रद्धा ठेवली असती तर तिचं नाव या देशाबाहेर गेलं नसतं.

आता दुसरा पक्ष. कारखान्यातून आलं म्हणून शुद्ध, ही समजूतही तितकीच पोकळ. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली विषारी द्रव्य मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ माणसं गेली. चौकशीसाठी नेमलेल्या लेंटिन आयोगाने त्यात यंत्रणेतला भ्रष्टाचार उघड केला. खुद्द देवासची रॅनबॅक्सीची फॅक्टरी सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या बंदीत सापडली, आणि २०१३ साली कंपनीच्या अमेरिकी शाखेने देवास आणि पांवटासाहिबला बनलेल्या औषधांबाबत गुन्हा कबूल केला. एकूण ५० कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. देवासच्या कितीतरी घरांची चूल त्या फॅक्टरीवर पेटत होती, म्हणून तो दिवस आमच्या भागात शोकासारखा गेला. आणि २०२५च्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्याच राज्यात, छिंदवाड्यात, खोकल्याच्या सिरपने वीसहून अधिक लेकरं गेली. ग्लिसरीनमध्ये होतं तेच विष सिरपमध्ये निघालं, डायइथिलिन ग्लायकॉल. जे. जे.नंतर जवळपास चाळीस वर्षांनी. याला क्षमा नाही.

पण दोन्हीकडच्या पापांत एक फरक आहे आणि माझा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. छिंदवाड्याच्या बाटलीवर बॅच क्रमांक होता. त्यावरून ती कोणी, कुठे, कधी भरली ते कळलं. बाकीच्या बाटल्या परत मागवता आल्या, परवाना रद्द झाला, माणसं गजाआड गेली. देवासच्या फॅक्टरीत तपासनीसांना कागद मागता आले, कागद आणि माल यांचा मेळ बसत नाही हे दाखवता आलं. आत्याच्या पुडीवर वर्तमानपत्राचा कागद होता. देवासला सरकारी छापखान्यात नोटा छापल्या जातात. दहा रुपयांची नोटही आपण उजेडात धरून बघतो. जी पुडी रोज पोटात घ्यायची तिला उजेडात धरून बघण्यासारखं काहीच नसतं.

कोणी म्हणेल, हा हाटातल्या पुडीचा दोष, परवानाधारक आयुर्वेदिक औषधांचा नव्हे. बरोबर आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ पासून आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्याच्या नियमांत विषारी द्रव्यांची यादीच दिली आहे: अफू, धोतरा, बचनाग, कुचला, बिब्बा, गुंज, पारा, हरताळ. ही द्रव्यं ज्यात असतील त्या औषधावर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, अशी सूचना छापणं बंधनकारक आहे. म्हणजे कायदाही जाणतो की झाडाचं औषध विष असू शकतं. न जाणणारी फक्त आपली प्रश्नावली.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला अजून अठरा घरं करायची होती. एवढंच केलं की त्याच्याकडून एक कोरी प्रश्नावली मागून घेतली आणि तिच्या पाठीवर माझे प्रश्न लिहिले. तुम्ही घेता त्यातल्या वनस्पतीचा कोणता भाग, आणि किती वजनाचा? कशाबरोबर घेता, आणि डॉक्टरांच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? ही वनस्पती तीच आहे हे कोणी ओळखलं? पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, परवाना आणि बॅच आहे का? त्रास झाला तर तो कोणाला कळवाल? हेच पाचही प्रश्न रक्तदाबाच्या गोळीलाही लावावेत, असं खाली लिहिलं. त्याने कागद वाचला, घडी करून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, “सर, हे विचारलं तर एक घर करायला तास लागेल.”

दिवाळीनंतर मी पुन्हा धारला गेलो तेव्हा आत्याने फडताळ उघडून दाखवलं. सितोपलादीची डबी, त्रिफळा, मधुमेहाची गोळी, रक्तदाबाची गोळी, सगळं एका फळीवर. प्रत्येकावर कागदाची पट्टी चिकटवलेली आणि तिच्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलेलं: केव्हा आणलं, कोणाकडून, किती, कधी. एका पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. ती तिने माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “ही कशाची ते आठवत नाही. टाकून दे.”